रामहरीची गोळी

डाळजच्या बौद्धवस्तीतल्या कचरूला बीपी निघालं, तेव्हा त्याची बायको शालन चक्क हसली होती. आता यात हसण्यासारखं काय होतं? पण तिचा हिशेब असा, की बीपी हा साहेबलोकांचा आजार. ज्याच्या बुडाखाली खुर्ची अन् डोक्यावर पंखा, त्यालाच तो व्हायचा. म्हणजे आपला नवरा एकदाचा साहेबात जमा झाला. तिनं शेजारणीला ही बातमी दिली ती सुद्धा बढती मिळाल्यागत.

बीपी शोधून काढलं ते कचरूच्या धाकट्या भावानं, डॉक्टर बुद्धघोषनं. या दोन भावांची नावं ऐकली तरी घराचा इतिहास कळतो. थोरला जन्मला तेव्हा आधीची दोन पोरं गेलेली, म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून उचललं आणि नाव ठेवलं कचरू. मग छप्पन्न साल आलं, घरातले देव गेले, आणि त्यानंतर जो जन्मला तो बुद्धघोष झाला. बाप लवकर गेला. कचरूनं पाटबंधारे खात्यात कारकुनी धरली, भावाला शिकवलं, एमबीबीएस केलं, बारामतीत दवाखाना टाकून दिला. स्वतः मात्र भिगवणच्या ऑफिसात कारकूनच राहिला. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. भावाच्या नावाची पाटी बघायला तो सुट्टीच्या दिवशी उगीच बारामतीला चक्कर मारून यायचा.

ही गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची. बुद्धघोषनं बारामतीचे आणखी दोन डॉक्टर गोळा केले आणि चाळिशीच्या वरची माणसं तपासायला गावोगाव शिबिरं घेतली. डाळजला शाळेत घेतलं. पट्टा बांधावा त्याला बीपी, सुई टोचावी त्याला साखर. दहा वर्षांमागं, तो शिकत असताना, खेड्यात असला पेशंट हुडकावा लागायचा. आता तालीमबाज पैलवानासारखे दिसणारे पंचेचाळिशीचे गडी आतून खिळखिळे निघाले. त्या दिवशी कचरूकडं जेवताना तो तेच तेच बोलत राहिला. धरणाचं पाणी आलं, ऊस आला, पगार आले. पायी जाणारा सायकलवर बसला, सायकलवाला एम-एटीवर. भाकरीची चपाती झाली, कोरड्यासावर तेलाचा तवंग आला. तंबाखू तेवढी बापजाद्यांची होती ती राहिली. पूर्वी आपली माणसं उपाशीपोटी मरायची, आता जेवून मरतील, आणि पन्नाशीही बघायची नाहीत, असं तो म्हणाला. कचरूनं दुसऱ्यांदा मटण वाढून घेत मान डोलावली.

मग बुद्धघोषनं भावाचाच आकडा सांगितला. शिबिरात जेवढे तपासले त्यांत सगळ्यात जास्त. गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही, जन्मभर. दुखो ना दुखो. आणि मीठ कमी. शालनला त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, की वैनी, हे हसण्यावारी नेऊ नका, दादाचं काळीज आत्ताच वाढलेलं आहे. गोळी चुकली तर कधी काय होईल याचा नेम नाही.

तेव्हापासून शालनचं हसू मावळलं. तिनं मनावर घेतलं. एक वेळ अशी होती, की तिच्या माहेरी भाकरीबरोबर मीठ-मिरचीशिवाय दुसरं काही नसायचं, आणि आता घरात सगळं असताना मीठच काढून घ्यायचं. काय तरी एकेक तऱ्हा. पण तिनं काढलं. लोणच्याची बरणी भावजयीला देऊन टाकली. अळणी कालवण ताटात आलं की कचरू तोंड वाकडं करायचा, पण जेवायचा. सकाळी चहाबरोबर ती गोळी त्याच्या हातावर ठेवायची. तो म्हणायचा, "भरल्या पोटी घेतो, हापिसात जाऊन." आणि कागदाच्या तुकड्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकायचा. गोळी खिशात गेली म्हणजे पोटात गेली, असं शालन धरून चालली.

आता रामहरीकडं यावं लागतं. रामहरी गावातला, म्हणजे वस्तीतला नव्हे. भिगवणच्या वाटेवर त्याचं दगडी ओट्याचं घर आणि मागं ऊस. तो आणि कचरू एकाच वर्गात होते. रामहरी फळ्यापाशी बसायचा आणि कचरू दाराशी. रामहरीचा बाप जुन्या वळणाचा. कचरूचा बाप त्या दारात कामाला जायचा तेव्हा ओट्याखाली उकिडवं बसून दोन्ही हातांची ओंजळ करायचा आणि वरून पाणी ओतलं जायचं. ओंजळ हलली की पाणी सांडायचं, आणि पुन्हा मागायची सोय नव्हती. लहानगा कचरू शेजारी उभा असायचा. हे त्यानं शालनला लग्न झाल्यावर एकदाच सांगितलं होतं आणि नंतर कधी विषय काढला नव्हता.

शिबिरात रामहरीलाही बीपी निघालं, तेही कचरूच्या खालोखाल. बुद्धघोषनं त्याला बारामतीला दवाखान्यात बोलावलं. रामहरी कशाला जातोय! एक तर त्याला काही दुखत नव्हतं, आणि दुखत नसताना औषधाला पैसे घालायचे म्हणजे उसाच्या बांधावर खत टाकण्यातली गत. दुसरं कारण तो बोलला नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तीतल्या पोराच्या दवाखान्यात बाकावर नंबर लावून बसायचं, आणि तेही चारचौघांच्या देखत. शिबिरात सगळं गावच रांगेत होतं, ती गोष्ट निराळी.

कचरूची एम-एटी रोज त्याच्या ओट्यावरून जायची. पाण्याच्या अर्जासाठी रामहरी त्याला अधूनमधून थांबवायचा, चहा द्यायचा. एका सकाळी रामहरी डोकं धरून बसलेला. कचरूनं खिशातली गोळी काढली, म्हणाला ही घ्या, माझ्या भावाची हाय. रामहरीनं गोळी जिभेवर टाकली. बायको मळ्यात गेलेली, आतून पाणी आणायला कोणी नव्हतं. कचरूच्या पिशवीत ऑफिसला न्यायची पाण्याची बाटली होती. रामहरीनं हात पुढं केला, बाटली घेतली, तोंडाला लावली आणि घटाघटा पाणी प्याला.

बाटली तोंडाला लावून. कचरू बघतच राहिला. त्या दिवशी ऑफिसात काय काम केलं ते त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रामहरी ओट्यावर वाट बघत बसलेला. डोकं हलकं झालं, झोप लागली, कचरूराव, तुमच्या भावाच्या हाताला गुण आहे, असं म्हणाला. ज्याच्या घरातून आजवर 'ए कचऱ्या' अशीच हाक आली, त्या घरातून कचरूराव! गोळी दिली, बाटली दिली. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग तो रिवाजच पडला.

कचरूनं भावाला सांगून पाहिलं नाही असं नाही. रामहरीसाठीही महिन्याच्या गोळ्या दे, मी पोचवीन, असं त्यानं एकदा बारामतीला जाऊन विचारलं. बुद्धघोष एकदम तडकला. तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही हे तर खरंच, पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. म्हणाला, "दादा, आपण किती पिढ्या त्येंच्या दारात न्हेऊन द्यायचं? त्याला जीव प्यारा असंल तर इथं यील, बाकावर बसंल. माझ्या दवाखान्यात सगळ्यांना एकच रांग हाय." यात तरी त्याचं काय चुकलं? कचरू मुकाट्यानं आपल्या एकट्याच्या गोळ्या घेऊन परत आला. दोघा भावांना एकाच गोष्टीची आग लागलेली. एकाला वाटायचं गावानं आपल्या दारात यावं, दुसऱ्याला वाटायचं गावानं आपल्या हातचं घ्यावं. आणि गोळी एकच होती.

शालनला हे कळलं ते भिगवणच्या बाजाराच्या दिवशी. ती एम-एटीवर मागं बसून निघाली होती. गाडी रामहरीच्या ओट्यापाशी थांबली. कचरूनं सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, जी तिनंच तासाभरापूर्वी त्याच्या हातावर ठेवली होती, आणि रामहरीच्या हातावर ठेवली. शालनच्या तोंडचं पाणी पळालं. परक्या दारात काही बोलता येईना. घरी आल्यावर मात्र तिनं आकाशपाताळ एक केलं. मी इथं मिठाचा खडा खडा मोजून कालवण करते, आणि तुम्ही तिकडं काळीज वाटत सुटलाय. तो अर्जापायी गोड बोलतो, एवढंही कळत नाही का, असं ती म्हणाली. आत्ताच्या आत्ता भावजींना सांगते, असंही म्हणाली.

कचरूनं सगळं ऐकून घेतलं. मग तो हळूच बोलला.

"अर्जाला च्या लागतो, शालन. त्यापायी माझं पानी प्यावं लागत न्हाय. त्येच्या बापानं माझ्या बापाला वरनं पानी वतलं, आन् त्यो आज माझी उष्टी बाटली तोंडाला लावतोय. रोज लावतोय. बाप बघाया असता तर..." पिशवीतून बाटली काढून ठेवत म्हणाला, "मला काय बी हुत न्हाय. डोकं सुदिक दुखत न्हाय माझं."

शालननं भावजींना सांगायला हवं होतं. बारामती काय लांब होती? एसटीनं तासाभराची वाट. तिचा पदर धरून कोणी बसलं नव्हतं. पण ती गेली नाही, आणि का गेली नाही हे तिला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. ओट्यापाशी गाडीवर बसल्या बसल्या तिनंही ते बघितलं होतं. रामहरीचा गळा वरखाली होताना, बाटलीच्या तोंडाला त्याचे ओठ टेकलेले. भीतीनं काळजाचं पाणी झालेलं असतानाच तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तिच्या आईला गावातल्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं, घागर खाली ठेवून तासन् तास कोणी ओतील म्हणून उभी राहायची. ती आई आठवली. संध्याकाळी तिनं बहिणीला ही गोष्ट सांगितली, आणि सांगताना गोळीचं नाव काढलं नाही, नुसतं पाण्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बाटली राखेनं घासू लागली. वाळा घातलेल्या माठातलं गार पाणी त्यात भरू लागली.

तिनं आपल्या मनाची समजूत घालायला एक तोड काढली. रविवारी आणि सुट्टीला ऑफिस नसतं, त्या दिवशीची गोळी त्यानं तिच्या डोळ्यांदेखत गिळायची. कचरूनं लगेच कबूल केलं. तेवढी एक गोळी त्याच्या पोटात जायची आणि बाकीचा आठवडा रामहरीच्या. तेवढ्यानं काय होणार? पण नाहीपेक्षा बरं, असं ती म्हणत राहिली. नाहीपेक्षा बरं म्हणत म्हणतच माणसं बुडतात.

बुद्धघोष महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, पट्टा बांधायचा आणि कपाळाला आठ्या घालायचा. आकडा उतरायचं नाव घेईना. त्यानं गोळी बदलली, जास्त ताकदीची दिली. तीही ओट्यावर गेली. शेवटी तो शालनवर घसरला. वैनी, तुमचा हात मिठाला आवरत नाही, दादाला तुम्ही जेवू घालून मारणार, असं तो तोंडावर म्हणाला. घरात तर अशी कळा होती, की कालवणाला चव नाही म्हणून पोरंही ताटावरून उठायची. शालन खाली मान घालून ऐकत राहिली. तिनं कचरूकडं बघितलं. कचरू खिडकीबाहेर बघत होता. सांगून टाकायची ती वेळ होती. तिनं मिठाचा आळ अंगावर घेतला आणि चहा टाकायला आत गेली.

दोन वर्षं अशी निघाली. कचरूला जिना चढताना दम लागू लागला, पाय सुजू लागले. रामहरी मात्र तरतरीत. ओट्यावर बसल्या बसल्या तो आता कचरूलाच सांगायचा, की कचरूराव, तुम्ही जरा तब्येतीला जपा.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात, उसाची तोड चालू असताना, कचरूनं नेहमीसारखी ओट्यापाशी गाडी लावली. पुडी दिली, बाटली दिली. रामहरी पाणी पीत असताना कचरू ओट्याच्या कडेला बसला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, पित्त झालंय वाटतं. घामानं सदरा भिजला. रामहरीनं आणि त्याच्या पोरानं त्याला उचलून आत माजघरात नेलं, बाजेवर निजवलं, बायकोनं लिंबूसोडा दिला. जीप मिळेना, सगळी वाहनं कारखान्याच्या वाटेला. शेवटी उसाची मोळी उतरवून एक ट्रॅक्टर मिळाला. बारामतीची वाट धरली खरी, पण अर्ध्या वाटेतच कचरू गेला. त्याला अठ्ठेचाळिसावं चालू होतं. ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्याचा बाप कधी गेला नाही, तिथल्या बाजेवर तो घटकाभर निजला होता, हे रामहरीनं नंतर शालनला मोठ्या समाधानानं सांगितलं. तिला ते ऐकून जीभ हासडावीशी वाटली, त्याची की आपली ते कळेना.

तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदन होतं, अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांतली वस्ती, वंदना झाली, लोकांनी कचरूचे गुण गायले, जेवणं झाली. गावातून रामहरी आला. वस्तीत येऊन पंगतीला बसलेला गावातला तो पहिला माणूस. लोक उठून गेल्यावर तो बुद्धघोषपाशी आला आणि पोरागत रडायला लागला. माझा वैद्य गेला म्हणाला. दोन वर्षं ऑफिसचा एक दिवस चुकला नाही, रोज सकाळी मला गोळी देऊन मगच ऑफिसला जायचा, तुम्हीच त्याच्या हाती माझ्यासाठी पाठवायचात ना, तुमचे उपकार कसे फेडू, असं म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. कचरूनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं, की ती गोळी कोणाची आहे.

बुद्धघोषचा चेहरा पांढरा पडला. पिशवीतून यंत्र काढलं, रामहरीला खांबाशी बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि पारा चढवला. एकदा बघितलं. पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा बघितलं. एकशेवीसवर ऐंशी. अगदी तरण्या पोराचं असावं तसं. एवढं शुद्ध बीपी त्याला त्या सगळ्या शिबिरांतल्या एकाही माणसाचं नंतर मिळालं नव्हतं. गोळीनं तिचं काम चोख केलं होतं.

"मग आता बंद करू का गोळी?" रामहरीनं डोळे पुसत विचारलं.

"बंद केली तर मरशील," बुद्धघोष म्हणाला. "बारामतीला ये."

"येतो की. उद्याच येतो," असं म्हणून रामहरी उठला आणि भराभरा पावलं टाकत, न दमता, गावाच्या चढाला लागला. शालन दारात बसून त्याच्या पाठीकडं बघत होती. याचं काळीज इथंच, आत्ताच्या आत्ता बंद पडावं, असं तिला वाटलं. मनापासून वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही. तो चढ चढून दिसेनासा झाला.

बुद्धघोष तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"वैनी, तुमाला ठाव हुतं?"

"व्हय."

"मी तुमाला मिठावरनं बोललो. तवा बी ठाव हुतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाय मला? एक सबुद? मी रामहरीच्या घरी जाऊन त्येच्या तोंडात गोळी घातली असती वैनी, पाय धरून घातली असती. माझा दादा..." चाळिशीला आलेला डॉक्टर, बारामतीत ज्याला चार माणसं ओळखतात तो, तिथंच खाली बसला.

शालनपाशी पुष्कळ उत्तरं होती. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, तुम्हीच त्या दिवशी नाही म्हणालात, मी अडाणी बाई. यातलं कुठलंही चाललं असतं, आणि त्यानं मानलंही असतं. पण इतके दिवस पोटात ठेवून तिला आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"मला बी बरं वाटायचं, भावजी," ती म्हणाली.

बुद्धघोषनं वर बघितलं. तिला वाटलं तो काही तरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. त्यानं यंत्राची पेटी बंद केली, बूट घातले आणि ताटावर न बसताच बारामतीला निघून गेला. त्यानंतर तो रविवारचा आला नाही. रामहरी मात्र दर महिन्याला त्याच्या दवाखान्यात जातो, बाकावर नंबर लावून बसतो, आणि त्याची तब्येत उत्तम आहे.